‘तुम्ही जा, मी इथे बसते’

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडक्यात : आम्ही बारा वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहतो. यंदा माझे आई-बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले आहेत. आई ६७ वर्षांची, गुडघे झिजलेले. बाबा ७२, रक्तदाबाची गोळी चालू. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊ. जुलैच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस स्वित्झर्लंडला, ग्रिंडेलवाल्डला जायचं ठरवलंय, कारण डोंगरावरची रानफुलं तेव्हा भरात असतात. नवरा कॉलेजपासूनचा ट्रेकर. त्याला शीनिगे प्लाटे ते फर्स्ट (दोन्ही तिथली डोंगरावरची ठिकाणं) हा दिवसभराचा ट्रेक ‘सगळ्यांनी मिळून’ करायचाय. बाबांना फक्त युंगफ्राउयोखचा बर्फ बघायचाय, कारण त्यांच्या ज्येष्ठ नागरिक संघातले निम्मे लोक तिथे जाऊन आलेत. आणि आई म्हणते, “तुम्ही जा, मी इथे बसते. पोथी वाचेन, तुम्ही यायच्या आत भात लावून ठेवेन.” जिच्या गच्चीत साठ कुंड्या आहेत, तिला खोलीत बसवून आम्ही फुलं बघायला जायचं हे मला पटत नाही. तिच्यासाठी चालणंच रद्द केलं तर नवरा आणि मुलं हिरमुसतील. काय करू?

प्रिय मैत्रिणी,

तुमचं मूळ पत्र बरंच मोठं होतं, आम्ही ते इथे आवरून छापलंय. मोठं असल्यामुळे एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. आईच्या गुडघ्यांवर तुम्ही अख्खा परिच्छेद लिहिलाय. एक्स-रे, तेल, फिजिओथेरपी, सगळं. तिच्या साठ कुंड्यांवर एकच ओळ आहे. आणि डोंगरावर जाण्याबद्दल तिला स्वतःला काय वाटतं, यावर एकही नाही. ‘मी इथे बसते’ हे तिचं वाक्य तुम्ही उत्तर म्हणून मान्य करून टाकलंय आणि त्याच्या पुढे गणित मांडायला घेतलंय.

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय. आपल्या घरातल्या बायका ते इतक्या सहज म्हणतात की त्याचा अर्थ विचारायचं कुणाच्या मनातच येत नाही. कधी त्याचा अर्थ खरोखर तेवढाच असतो : मला चार तास एकटीला राहू द्या, पंधरा दिवसांत कुणी मला शांतपणे बसू दिलेलं नाही. कधी ‘माझ्यामुळे तुमचा खोळंबा नको’. कधी मनातल्या मनात तिकिटाचे फ्रँक रुपयांत करून झालेले असतात आणि एवढ्या पैशांत सांगलीत काय काय आलं असतं, याचा हिशोब चाललेला असतो. आणि बऱ्याच वेळा त्याचा अर्थ असतो बाथरूम.

दचकू नका. माझ्या सासूबाई एका गडाच्या पायथ्याशी साडेतीन तास गाडीत बसून राहिल्या होत्या. कारण सांगितलं गुडघ्यांचं. त्यानंतर आठ वर्षांनी, कुठल्याशा वेगळ्याच विषयावर बोलताना म्हणाल्या, “वर सोय नसते गं, आणि मला धरवत नाही.” आठ वर्षं! तोवर आम्ही त्यांना दर सहलीत प्रेमाने, काळजीने मागे ठेवत होतो. साठी ओलांडलेल्या, दोन-तीन बाळंतपणं झालेल्या किती बायकांना हा त्रास असतो आणि त्यातल्या किती जणी तो जावयासमोर जेवणाच्या टेबलावर बोलून दाखवतील? गुडघे हे सभ्य कारण आहे. ते कुणालाही सांगता येतं.

म्हणून पहिलं काम, आईला एकटीला गाठा. “येतेस का?” असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘नको’ हेच येणार. नेमकं विचारा : “दीड तास, सावकाश, जवळजवळ सपाट चालायचं. सुरुवातीला आणि शेवटी स्वच्छ बाथरूम आहे. मध्ये कुठेही दमलीस तर बसू. जमेल?” हा प्रश्न मी मनाने रचलेला नाही. अशी वाट तिथे खरोखर आहे.

इथे तुमचं दुसरं गृहीतक येतं, आणि ते तुमचं एकटीचं नाही. सह्याद्रीत वाढलेल्या आपल्या डोक्यात डोंगर म्हणजे पायथ्याच्या गावातून निघायचं, घाम गाळत वर जायचं आणि मग दर्शन. ज्याला चढवत नाही त्याने पायथ्याला बसायचं. तुमच्या यजमानांचं ‘सगळ्यांनी मिळून’ याच शाळेतलं असावं. ग्रिंडेलवाल्डच्या परिसरात मात्र गेली सव्वाशे वर्षं दातेरी रुळांच्या गाड्या आणि पुढे तारेवरचे पाळणे (केबल कार) चढण्याचं काम करताहेत. तिथे चालायला सुरुवातच वर गेल्यावर होते.

मॅनलिखेन हा डोंगर घ्या. ग्रिंडेलवाल्डहून बंद पाळण्यात बसून वर जायचं, सुमारे २,२२५ मीटरवर उतरायचं. तिथून क्लायने शायडेगपर्यंतची वाट साधारण साडेचार किलोमीटरची आहे, रुंद आणि खडीची. क्लायने शायडेग २,०६१ मीटरवर, म्हणजे साडेचार किलोमीटरमध्ये उतार फक्त दीडशे-पावणेदोनशे मीटरचा. आपल्या साध्या चालीने दीड तास, आईच्या चालीने दोन-सव्वादोन धरा. चालताना समोर सगळा वेळ आयगर शिखराची उत्तर भिंत आणि शेजारी म्योंख, युंगफ्राउ ही शिखरं. शेवटी क्लायने शायडेगला रेल्वे स्टेशन, चहा, बाथरूम, आणि तिथून गाडीने थेट खाली. परत चालत यायचं नाही. मॅनलिखेनला मुलांसाठी भल्यामोठ्या लाकडी गाईचं खेळायचं ठिकाण आहे, तुमचा धाकटा तिथून हलणार नाही, त्याचाही वेळ धरा.

एक मात्र नीट ऐका. झिजलेल्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त छळतो. नकाशात ‘नुसता उतार आहे, सोपं आहे’ असं बघून दुसरी एखादी वाट निवडू नका. उतार किती आणि किती लांबीत, हे बघा. आईला चालायच्या दोन काठ्या द्या, एक नव्हे. आणि त्या काठ्या सहलीच्या आधी आठ दिवस घराजवळच्या रानात वापरू द्या. पहिल्याच दिवशी डोंगरावर काठ्या हातात दिल्या तर ती त्या काखेत धरून चालेल, लिहून ठेवा. नवे कोरे बूट हीसुद्धा तीच गोष्ट.

आता फुलं. तुमची सहल मुळात त्यांच्यासाठी होती, हे पत्राच्या शेवटी शेवटी तुम्हीच विसरलात असं मला वाटलं.

दोन हजार मीटरवर झाडांना वाढायला वर्षातून जेमतेम काही महिनेच मिळतात, बाकी बर्फ आणि थंडी. तेवढ्यात उगवायचं, फुलायचं, माशा-भुंग्यांना बोलवायचं, बी धरायचं. म्हणून जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सगळ्यांची एकदम घाई उडालेली असते. आपल्या कासच्या पठारावर पावसाळा सरता सरता जी गडबड होते, तीच. फक्त तिथे ती पावसाच्या हिशोबाने चालते आणि इथे बर्फाच्या. उन्हाच्या बाजूचा उतार आधी मोकळा होतो, सावलीतला पंधरा-वीस दिवसांनी. त्यामुळे एका वळणावर संपलेलं फूल पुढच्या वळणावर नुकतं उमलताना दिसतं.

आईसाठी विल्डर्सविल गावाहून शीनिगे प्लाटेला जाणारी गाडी बघा. १८९३ पासूनची दातेरी रुळांची रेल्वे, ५८४ मीटरवरून १,९६७ मीटरवर चढते आणि त्याला पन्नासेक मिनिटं घेते. म्हणजे धावणाऱ्या माणसाने तिला मागे टाकावं इतकी सावकाश. लाकडी बाकं, उघडता येणाऱ्या खिडक्या. वर स्टेशनला लागूनच आल्प्सच्या वनस्पतींची बाग आहे, १९२० च्या दशकाच्या अखेरीपासूनची. सहाशेहून जास्त जाती, प्रत्येकीला नावाची पाटी. वाफे करून नटवलेली बाग नव्हे. खडकाळ उतारावर काय वाढतं, बर्फ उशिरा वितळणाऱ्या खोलगट जागी काय, कुरणात काय, असं त्या त्या जागी राखलेलं आहे. वाटा थोड्या चढ-उताराच्या आहेत, पण छोट्या, आणि कुठूनही मागे फिरता येतं.

साठ कुंड्या वाढवणारी बाई तिथे पाहुणी राहणार नाही. तिला ओळखीपाळखी लागतील. एडेलवाइस हे तिथलं मिरवणारं फूल, शेवंती आणि सूर्यफुलाच्याच कुळातलं. अंगभर पांढरी लव, उन्हापासून आणि कोरड्या वाऱ्यापासून बचावाची. तुम्हाला ते मोकळ्या डोंगरावर बहुधा दिसणार नाही, बागेत दिसेल. आल्प्समधला गुलाब म्हणतात ते गुलाबी झुडूप खरं तर गुलाब नाहीच, आपल्या हिमालयातल्या बुरांशचा भाऊबंद आहे. आणि गडद निळी, कर्ण्यासारखी तोंडं वर करून बसलेली फुलं दिसतील, तिकडे त्यांना एन्झियान म्हणतात. त्यांच्याच कुळात आपलं काडेचिराईत येतं. तापात लहानपणी तुम्हाला जो कडू काढा पाजला असेल, तोच. यातल्याच एका पिवळ्या फुलाच्या उंच जातीच्या मुळापासून तिकडे कडूजहर दारू गाळतात. आईला हे सांगा आणि तिच्या चेहऱ्याकडे बघा.

तिची आणखी एक ओळख मुलांसाठी कामाची आहे. ओलसर जागी निळ्याजांभळ्या, टोपीसारख्या फुलांचे उंच तुरे दिसले तर ते बचनागाच्या वंशातले समजायचे. देखणं आणि अतिशय विषारी. मुलांनी हातही लावायचा नाही. बाकीची फुलंसुद्धा तोडायची नाहीत, कितीतरी जातींना तिथे कायद्याचं संरक्षण आहे. देवाला वाहायला एकच घेते, असं आई नक्की म्हणेल, तेव्हा तुम्हीच नाही म्हणा. नातीला सांगा, ती फोटो काढेल.

आता तुमचे यजमान. त्यांचा ट्रेक रद्द करायचं काहीही कारण नाही. उलट शीनिगे प्लाटेवरूनच तो सुरू होतो! सकाळच्या गाडीने सगळे मिळून वर जा. तिथे चहा-दशम्या एकत्र खा. मग ते, आणि मनापासून तयार असेल तर तुमची लेक, फाउलहॉर्न शिखराच्या वाटेला लागतील. तुम्ही, आई, बाबा आणि धाकटा बागेत. दुपारी तुम्ही गाडीने खाली, ते संध्याकाळी फर्स्टहून पाळण्याने खाली. रात्री जेवायला एकत्र. सुमारे १६ किलोमीटर, सहा तासांची नुसती चाल, वाटेत २,६८१ मीटरचं फाउलहॉर्न. तिथल्या पिवळ्या पाट्यांवर लिहिलेल्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, हे त्यांना माहीत असेलच, तरी सांगा. जुलैच्या सुरुवातीला वरच्या भागात बर्फाचे पट्टे उरलेले असू शकतात, म्हणून आदल्या दिवशी वाटेची स्थिती आणि फर्स्टच्या शेवटच्या पाळण्याची वेळ बघायची. तेरा वर्षांच्या मुलीला ‘तू येतेयस’ असं सांगू नका, विचारा. घरात सध्या एकालाच विचारलं जातंय आणि तो ट्रेकर आहे, असं पत्र वाचताना मला वाटत होतं.

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर : नुसती पिवळी खूण म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, खडबडीत, पावलं जपून टाकायची. पांढरा-निळा-पांढरा दिसला की तिथून मागे फिरा, ती गिर्यारोहकांची.

बाबांच्या बर्फाला हसू नका. पत्रात तुम्ही जरा हसलात. माणसाने ४० वर्षं नोकरी केली, मुलीला परदेशी पाठवली, आता संघातल्या मित्रांना दाखवायला एक फोटो हवाय, त्यात चुकीचं काय? डोंगराच्या पोटातून नेणारी ती रेल्वे १९१२ ची आहे, एखाद्या निवृत्त माणसाने कौतुकाने बघावी अशीच. मात्र युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे आणि ग्रिंडेलवाल्डहून आता पाऊण तासात तिथे पोचता येतं. पाऊण तासात जवळजवळ अडीच हजार मीटर! शरीराला कळतही नाही काय झालं ते. वर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश मिळतो. रक्तदाब गोळीने ताब्यात असेल तर बरेच लोक काही त्रास न होता जाऊन येतात, पण हे ठरवायचं डॉक्टरांनी, तुम्ही किंवा मी नाही. सांगलीच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉल करा. होकार आला तर चौथ्या दिवशी जा, पहिल्या नव्हे. वर गेल्यावर हळू चालायचं, पाणी प्यायचं, डोकं दुखायला किंवा गरगरायला लागलं तर ‘एवढे पैसे भरलेत’ म्हणून थांबायचं नाही, पुढच्या गाडीने खाली. आणि या एका दिवशी सगळ्यांनी जायलाच हवं असंही नाही. तिकीट महाग आहे. नातवाला घेऊन आजोबांनी आणि तुम्ही जावं, बाकीच्यांनी खाली निवांत राहावं.

तिकीट कुठलंही असो, सकाळी उठल्यावर आधी वरच्या स्टेशनचा कॅमेरा फोनवर बघा. खाली लख्ख ऊन आणि वर पांढरं धुकं, असं तिथे सर्रास असतं. दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश गारवा वाढतो, म्हणून खाली पंचवीस अंश असले तरी वर शाल आणि कानटोपी लागेल. शिवाय डोक्यावर टोपी आणि चेहऱ्याला क्रीमही लागेल, कारण उंचीवरचं ऊन गार वाटतं आणि भाजतं. जुलैत दुपारनंतर ढग भरून गडगडाट होतो. आपल्या वळवाच्या पावसासारखाच, पण उघड्या धारेवर तो गमतीचा नाही. सकाळी लवकर निघून दुपारी दोनच्या आत तुमची फुलांची मंडळी स्टेशनजवळ असावी.

गाईंबद्दल मुद्दाम लिहिते. आपल्याकडे गाय दिसली की हात लावून नमस्कार करायची सवय. तिथे वाटेवरच, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई चरत असतात, कधी वासरांसह. वासरावाली गाय परक्या माणसाच्या अंगावर धावून जाऊ शकते आणि असे अपघात तिथे होतात. आईने लांबूनच हात जोडावेत आणि सगळ्यांनी वळसा घालून जावं. कुरणाच्या तारेत वीज असते, मुलाला आधीच सांगा, नाहीतर तो एकदा हात लावून बघणार.

कागदपत्रांत एकच : आई-बाबांच्या प्रवास विम्यात डोंगरावरची सुटका, हेलिकॉप्टरसकट, धरलीय का ते विचारून घ्या. बऱ्याच पॉलिसींत ती नसते. फोनमध्ये १४१४ हा तिथल्या हवाई बचाव सेवेचा नंबर भरून ठेवा. ११२ सुद्धा चालतो.

आणि एवढं सगळं करूनही आई ‘नको’ म्हणाली तर? एकटीला विचारलंत, बाथरूमचं सांगितलंत, पैशांचा विषय मिटवलात, तरी ती म्हणाली की मला खरंच त्या खोलीत बसायचंय. मग विश्वास ठेवा. तिला ओढून नेणं हाही तिचं न ऐकण्याचाच प्रकार आहे. घर घेताना आयगरकडे तोंड असलेल्या गॅलरीचं घ्या. तिला किल्ली द्या, फोनमध्ये चालू सिम द्या, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकदा बरोबर चालून या, म्हणजे ती अडकल्यासारखी राहणार नाही. आणि भात लावायला सांगू नका. बसायचं म्हणाली आहे ना, मग बसू द्या. भात तुमचे यजमान लावतील, सोळा किलोमीटर चालून आल्यावरसुद्धा लावतील.

तुमच्यासारख्या अनेक जणींचे आई-बाबा या महिन्यांत तिकडे आलेले असतात, आणि ‘त्यांना झेपेल असं काय दाखवायचं’ हा प्रश्न मला दरवर्षी येतो. दाखवायच्या यादीआधी त्यांना काय ओळखता येतं ते आठवा. कुणाच्या वडिलांनी रेल्वेत नोकरी केली असेल, त्यांना ती दातेरी चाकं तासभर बघू द्या. कुणाची आई शेतकऱ्याची लेक असेल, तिला तिथलं गवत कापून वाळत घालणारे लोक दाखवा, पुढचं ती बोलेल.

तुमच्या आईशी बोलायचं ते उद्या सकाळीच बोला, यजमान ऑफिसला आणि मुलं शाळेत गेल्यावर, दुसऱ्या चहाच्या वेळी. काडेचिराइतापासून सुरुवात केलीत तरी चालेल.